केरबाचं बारसं

कराडात बारा वैशाल्या होत्या आणि बाराजणींत मिळून एकच जन्म होता. शनिवार पेठेतल्या वैशालीनं पुरणपोळी खाल्ली की बाकीच्या अकराजणींना ढेकर यायचा. बँकेतल्या वैशालीला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तेव्हा आपल्या वैशाली मानेनं भाजी चिरता चिरता दोन कळा दिल्या आणि ती पुन्हा विळीवर बसली. या बाराजणी जन्मल्या ते सालच तसं होतं. त्या साली मुलगी झाली की दुसरं नाव कुणाच्या डोक्यातच येत नसे. मेल्यांना तेवढंही सुचू नये.

ढेकरांचं आणि कळांचं तिला काही वाटत नसे. पण तिचे नाना गेले, सख्खा बाप गेला, आणि तिच्या वाट्याला एक हुंदका आला. मंडईतल्या वैशालीनं नानांना जन्मात पाहिलं नव्हतं, ती मेथीच्या जुड्यांवर पडून ढसाढसा रडली. इकडे तिरडीपाशी बायका कुजबुजल्या, "लेक आहे का दगड?" तेव्हापासून वैशालीच्या डोक्यात जाळ होता. तो तेवढा अख्खा तिचा होता. त्यात वाटा मागायला एकही आली नाही.

धाकट्या भावाला, मिलिंदला, चाळिशीत मुलगा झाला. नाव ठरलं रेयांश.

"अरे, गावात चाळीस रेयांश आहेत," ती म्हणाली.

"मग चांगलंच असणार ना, ताई."

"समोरच्या फ्लॅटमधला बघून ये. चाळिसावा. त्याच्या पोटातून दुपट्यावरची फुलं दिसतात."

"गोरा आहे तो," मिलिंदची बायको ऋतुजा म्हणाली. "आणि वन्सं, केकवर नाव घालून झालंय."

आईबाप नाव ठरवोत नाहीतर केकवाला ठरवो, बाळाच्या कानात ते सांगायचं आत्यानं. आणि कानात पडतं तेच लागतं. वैशालीनं एक जुनं नाव हुडकून ठेवलं होतं. पूर्वी पोरं जगत नसत, तेव्हा मरणानं ढुंकून बघू नये म्हणून पोराला केरात लोळवून केरबा म्हणायचे. कराडातला शेवटचा केरबा जाऊन वीस वर्षं झाली होती. नाव सबंध मोकळं पडलं होतं. या पोराला तरी आपल्या बापासाठी पोटभर रडता यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

बारशाला ती पाळण्यावर वाकली. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायला सुरुवात केली. बुक्केही बाराजणींत वाटले जात होते, त्यामुळे तिला ते जाणवलेसुद्धा नाहीत. तिनं बाळाच्या कानाला तोंड लावलं.

"केरबा," ती म्हणाली.

पाळण्याच्या दोऱ्या करकरल्या. बाळ जड झालं, गालांवर रक्त चढलं, आणि ते असं रडलं की गॅलरीतली कबुतरं उडाली. वैशालीनं त्याला उचललं तर दोन्ही हात भरून गेले. असं सबंध काही तिच्या हातात आजवर आलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली, बाराव्या हिश्शाची का होईना.

"हे काय नाव झालं?" ऋतुजा म्हणाली. मिलिंदनं केकवर झाकण घातलं.

तेवढ्यात समोरची आपल्या चाळिसाव्या रेयांशला घेऊन आली. तिनं केरबाचा गाल चिमटीत धरून पाहिला.

"केवढा घट्ट आहे. काय नाव ठेवलंत?"

"तुमच्या पोराला दुसरं शोधा, बाई," वैशाली म्हणाली. "हे याचं आहे."

"म्हणजे युनिक आहे तर," समोरची म्हणाली आणि तिनं फोन काढला.

अर्ध्या तासात जिना भरला. चाळीस आया, त्यांच्या कडेवर चाळीस फिकट पोरं, आणि बरोबर आपापल्या आत्या. पहिल्या आत्यानं वैशालीच्या तोंडाशी कान आणला. मागच्या बायकांनी पुन्हा बुक्के सुरू केले.

"जीव गेला तरी सांगायची नाही," वैशाली म्हणाली आणि तिनं दात आवळले. नानांपासूनचा सगळा राग त्या दातांत होता. बुक्के पडत राहिले. तिकडे भाजीवाली, बँकवाली, पेठेतली, सगळ्यांच्या पाठी ठणकल्या असतील. ठणकू देत.

ऋतुजा मात्र दारात उभी राहून रांग बघत होती. रांग तळमजल्यापर्यंत गेलेली पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"ऋतुजा, गप्प बस," वैशाली दातांतल्या दातांत म्हणाली.

"असं काय करता, वन्सं? लोक एवढ्या कौतुकानं आलेत."

ती कठड्यावर रेलली आणि हौसेनं, इंग्रजी स्पेलिंगसकट, सांगायला लागली. जिनाभर आत्या पोरांच्या कानांवर वाकल्या, आणि वैशालीच्या हातांतलं ओझं हलकं व्हायला लागलं.