सगळे आले, चला!

नर्सबाईंना सुट्टीचा अगदी वीट आला होता. सुट्टीचा कधी कुणाला वीट येतो का, असं विचाराल, तर दोन मुलं, एक उत्साही नवरा आणि एक तंबू घेऊन गाडीतून हिंडून बघा एकदा! रात्रपाळ्या करकरून हाडं खिळखिळी झालेली बाई. तिला फक्त पाठ टेकायची होती. पण नवऱ्याचा दंडकच होता, प्रत्येक थांब्यावर एक खेळ झालाच पाहिजे. कुठे रस्सीखेच, कुठे पकडापकडी. खेळणारे तिघं आणि पंच ही. डबे उघडणारी ही, आणि आवरणारीही हीच.

निघताना ती वॉर्डातल्यासारखी डोकी मोजायची. नवरा, लेक, धाकटा. मग "सगळे आले, चला!" म्हणून मागचं दार आपटायचं आणि पुढे जाऊन बसायचं. स्वतःला मोजायची तिला सवयच नव्हती. वॉर्डात नर्सला कोण मोजतं?

त्या दुपारी तळ्याकाठी बॅडमिंटन रंगलं. "आता मी मागे आडवी होणार हं," असं तिने आधीच बजावलं होतं, म्हणून लेक पुढे बसली आणि धाकटा मधल्या सीटवर. हिने डोकी मोजली, "सगळे आले, चला!" म्हणत सवयीने बाहेरूनच दार आपटलं, आणि पाण्याचा कॅन नळाखाली राहिल्याचं आठवून मागे पळाली. कॅन उचलून वळते तर काय, गाडी गायब! फोनही गाडीतच.

"अगं बाई!" म्हणत ती मटकन नळाच्या कट्ट्यावर बसली. आधी हसूच आलं. वळतील की आत्ता! पण वळेनात. सावली कट्ट्यावरून खाली उतरली, तरी रस्ता रिकामाच. मग मात्र तिचं हसू मावळलं आणि राग यायला लागला. आपण नाही आहोत हे त्यांना कळावं, एवढंच तिला हवं होतं. हाक मारायला कुणी नव्हतं, कट्टा ऐसपैस होता, आणि डोळ्याला डोळा काही लागेना.

अखेर गाडी आली. तिचा सगळा राग पाणी पाणी झाला. डोळे पुसून ती उभी राहिली. धाकट्याने उडी मारली आणि तिच्याकडे न बघताच झाडाखाली धूम ठोकली.

"बाबा, सापडली रॅकेट! इथेच होती!"

वळल्यावर त्याला ती दिसली. "आई? तू कधी उतरलीस?"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने सगळ्यात मागच्या सीटवरचा पांघरुणांचा ढीग उचकून पाहिला. खाली नुसत्या उशा.

"आई, आम्ही गाणीसुद्धा बंद ठेवली होती," लेक रडवेली होऊन म्हणाली. "बाबा म्हणाले, ती दमलीये, कुणी आवाज करू नका."

रडावं की हसावं, तिला कळेना. एवढ्या प्रवासात गाडीत पहिल्यांदा शांतता झाली होती, आणि नेमकी तेव्हाच ती गाडीत नव्हती.

"मग आताही नका करू," असं म्हणून ती मागे जाऊन आडवी झाली.

रस्ताभर कुणी ब्र काढला नाही. नवरा सारखा आरशातून मागे बघत होता, आणि ती डोळे मिटून टक्क जागी होती.