आठव्या दिवशी पुसलेला डाग

मित्रांनो, मी एक जुनं, वाळकं घोसाळं आहे. तुमच्याकडे माझी भाजी करतात म्हणे. इथे निकाराग्वात, मासाया शहराच्या कडेच्या वस्तीत मला वेलावरच सुकू देतात. नुबियानं माझी साल सोलली, बिया झटकल्या आणि उरलेली जाळी भिंती घासायला घेतली. भांडी घासणारी माझी भावंडं चार महिन्यांत संपली. मला भिंतींचं, म्हणजे मानाचं काम मिळालं. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

पुढच्या खोलीत, म्हाताऱ्या ओक्ताव्यानोच्या झुलत्या खुर्चीमागे, फिकट निळ्या भिंतीवर एक डाग होता. म्हातारा केसांना तेल थापायचा आणि दिवसभर तिथं डोकं टेकून बसायचा. त्याची बायको एर्मेलिंडा दर शनिवारी सुनेला, म्हणजे नुबियाला, त्या डागासमोर उभं करायची.

"अगं, भिंत घासतेस की कुरवाळतेस? तुझ्या आईच्या घरी भिंती होत्या, की नुसता झावळ्यांचा आडोसा?"

नुबिया मुकाट्याने घासायची. डाग फिका व्हायचा. म्हातारा हसून म्हणायचा, "पुसू दे गं तिला. उद्या नवा करतो." आणि करायचाच. अकरा वर्षांत त्या एका डागापायी सहा घोसाळी झिजली आणि नुबियाच्या बोटांना चिरा पडल्या. मी सातवं. शेजारणींसमोर सासू म्हणायची, "सून घरात आली, तिच्याबरोबर डागही आला."

मग म्हातारा गेला. माणूस गेला की आमच्याकडे नऊ दिवस प्रार्थना चालते. तोवर आत्मा घरातच असतो, म्हणून केर काढायचा नाही, काही धुवायचं नाही. नवव्या दिवशी सगळे जमून त्याला निरोप देतात, मगच झाडूला हात लावायचा.

एर्मेलिंडा रोज सकाळी त्या डागावर तळवा ठेवून उभी राहायची. "आहे अजून," असं पुटपुटायची. एकदा ती सुनेशी पहिल्यांदाच मऊ आवाजात बोलली. "नुबिया, एवढा डाग राहू दे, पोरी. नऊ दिवस झाल्यावरसुद्धा. त्याचं दुसरं काही उरलं नाही माझ्याकडे."

"बरं, आई," नुबिया म्हणाली.

आठव्या दिवशी सासू कबरीवर फुलं वाहायला गेली. नुबियानं मक्याचं पीठ कालवून डागावर लिंपलं. पीठ तेल शोषतं हे तिला आधीपासून ठाऊक होतं, पण शनिवारच्या घाईत तेवढी सवड कुठली? पीठ सुकल्यावर तिनं मला गरम साबणपाण्यात बुडवलं आणि ओघळ उमटू नयेत म्हणून खालून वर, हळूहळू घासलं. इतक्या मायेनं तिनं मला कधीच वापरलं नव्हतं. डाग मुळासकट निघाला. मला तेव्हा फार आनंद झाला, आणि त्या आनंदाची आज लाज वाटते.

सासू परतली. तिनं भिंतीवरून हात फिरवला, खाली, वर, पुन्हा खाली.

"काय केलंस गं हे?"

"अकरा वर्षं तुम्हीच सांगत होतात, आई. आज जमलं."

"नववा दिवस उद्या होता."

"उद्या पाहुणे यायचेत. घाण बघून लोक काय म्हणतील?"

म्हातारी रिकाम्या बादलीकडे बघून म्हणाली, "ते पाणी कुठाय? टाकू नकोस, मला दे."

"दारापुढं शिंपडलं," नुबिया मला पिळत म्हणाली. "धूळ फार उडत होती."

मित्रांनो, भिंती जरूर स्वच्छ ठेवा. पण जे हात तुमच्यासाठी घासतात त्यांना रोज टोचू नका, कारण ते हात विसरत नाहीत. मी तर बोलूनचालून घोसाळं, हात नेईल तिकडे जाणारं.

एर्मेलिंडा अनवाणीच बाहेर धावली. ऊन कडक होतं आणि मातीचा ओला पट्टा कडेकडेनं सुकत चालला होता. ती त्याच्यापुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विनवू लागली, "बाजूनं जा रे बाबांनो, जरा बाजूनं जा."