बस गं मने

कोरेगावातल्या नाथाजी सुताराच्या पडवीत सकाळचा उजेड कधी एकदम येत नसे. आधी तो समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर थोडा वेळ रेंगाळे. मग कौलांच्या फटींतून बारीक रेघांनी खाली उतरे, रंध्याच्या पात्यावर क्षणभर चमके, काल निघालेल्या ढलप्यांच्या वेटोळ्यांत शिरून त्यांना मधाचा रंग देई, आणि शेवटी, अगदी सावकाश, उंबऱ्याशी पाठ वाकवून बसलेल्या नाथाजीच्या खांद्यावर येऊन थांबे. पण फार वेळ नाही. त्या खांद्यावर दुसरं ओझं यायचं असे.

"बस गं मने."

नऊ वर्षांची मनू बापाच्या गळ्यात हात टाकी आणि दोघं शाळेच्या वाटेला लागत.

मनूचा डावा गुडघा जन्मापासून उलटा होता. पाय मागं दुमडण्याऐवजी पुढं वळलेला. घरात ती भिंत धरून लंगडत हिंडे. जेवताना मात्र मांडी घालता येत नसे, म्हणून ताटाशेजारी पाय लांब करून बसे. आणि लेकीला एकटीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून नाथाजीही आपला धडधाकट डावा पाय तसाच पसरून जेवे. अन्नाकडे पाय केला म्हणून भावकीनं एकदा त्याला पंगतीतून उठवलं. तेव्हापासून त्यानं पंगतच सोडली.

लढाई संपून घरी परतलेला त्याचा मेव्हणा ज्ञानू मात्र गप्प बसेना.

"दाजी, फौजेत लय गुडघं बघितल्यात म्या. गोळीनं फुटलेलंबी चालाय लागतंय. सांगलीला डॉक्टर हाय. दावून तर आनू."

सांगलीच्या डॉक्टरांनी गुडघा हलक्या हातानं चाचपला.

"बिजागरी उलटी बसलीया म्हना की," नाथाजी म्हणाला.

डॉक्टर हसले. "नेमकं बोललात, मिस्त्री. मांडीचा स्नायू आखूड आहे, त्यानं नडगीचं हाड पुढं ओढून धरलंय. तान्हेपणी आणली असती, तर कदाचित नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं. आता स्नायू कापून लांबवायचा आणि हाड जागेवर बसवायचं. बहुधा चालेल ती. मांडी घालता येईल, असं मात्र सांगवत नाही."

नाथाजीनं तेवढंच उचललं.

"मग काय उपेग? पंगतीला कशी बसंल? कुनाच्या घरात खुर्च्या हायत?" लेकीला पाठीवर घेऊन तो दारापर्यंत गेलासुद्धा.

"आबा," पाठीवरून मनू म्हणाली, "आता तरी मी कुटं घालतीया मांडी?"

"घ्या!" ज्ञानू खो खो हसला. "वकीलच व्हनार ही."

नाथाजी हसला नाही. पण वळला.

शस्त्रक्रिया झाली. पुढं दीड महिना वाकवलेला पाय प्लास्टरमध्ये होता; नंतर रोज तो थोडा थोडा हलवायचा होता. मनू ओठ चावून रडे, तेव्हा नाथाजी खाटेसमोर बसून आधी आपला गुडघा वाकवी. "माजाबी दुखतोय बघ. आता तुजा." घरी परतल्यावर तिला जेवायला बसता यावं म्हणून त्यानं सागाची बुटकी बैठक घडवली, आणि शेजारी तेवढीच दुसरी, स्वतःसाठी.

दिवाळीनंतर शाळा उघडली. उजेड लिंबावरून कौलांवर, कौलांवरून ढलप्यांवर आला. नाथाजी सवयीनं उंबऱ्याशी पाठ वाकवून बसला.

"बस गं मने."

खांद्यावर नुसतं ऊन होतं. काठीचा ठक ठक आवाज पार गल्लीच्या वळणाशी पोहोचला होता.

"आवं, कवाच गेली ती!" आतून बायको, अंबूबाई, हसत म्हणाली. "उठा आता, न्हाईतर तुमचं गुडघं धरतील."

वळणावर मनूनं मागं पाहून काठी उंच हलवली, एका पायावर डुलली, सावरली आणि दिसेनाशी झाली. नाथाजीचा हात आपसूक खांद्याकडे गेला. लेकीच्या मनगटांनी घासून सदरा तिथं विरला होता.

सांगलीला मांडी घालण्याचं त्यानं निमित्त केलं होतं. ती पाठीवरून उतरावी, हेच त्याला नको होतं.