अठरा शांतता

त्याला सगळे खटपट्या म्हणत. बायकोही म्हणायची, पण लाडानं म्हणतेय की वैतागानं, ते दर वेळी तिच्या भुवयांकडे बघून ठरवावं लागे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं लोकांच्या लायनीतली खरखर शोधत बसलेला माणूस निवृत्त झाल्यावर तरी जरा स्वस्थ बसेल, ही तिची आशा महिनाभरही टिकली नाही. त्यानं घरात कंप्युटर आणून ठेवला आणि जाहीर केलं, की आता गाणी घरीच रेकॉर्ड करायची. गाणार ती, बाकी सगळं करणार तो.

तो काळ असा, की कंप्युटरला स्वतःचा आवाज नसे. चुकलं तर टुंक करायचा, तेवढंच. खरा आवाज हवा असेल तर वेगळं साउंड कार्ड विकत घेऊन त्याच्या पोटात खोचावं लागे, आणि कार्डांच्या तऱ्हा तर विचारू नका. खटपट्यानं दीड वर्षात तीन जमवली. बायकोनं तिघांनाही नावं ठेवली.

पहिलं डास. त्यावर बासरी लावा, व्हायोलिन लावा, ट्रंपेट लावा, कानाशी घोंघावल्याशिवाय राहायचं नाही. दुसरं आडमुठं. त्याचा आवाज स्वच्छ होता, पण वाजवत असेल तेव्हा ते ऐकायचं नाही आणि ऐकत असेल तेव्हा वाजवायचं नाही. तिसरं कार्ड मात्र भारी होतं. त्यात खऱ्याखुऱ्या वाद्यांचे आवाज भरून ठेवलेले, आणि माइक लावला की शेजारच्या घरातला ठिबकणारा नळसुद्धा टिपायचं. "हिच्यापासून घरातलं काही लपायचं नाही," बायको म्हणाली. "सासूच आहे ही." तेव्हापासून ते कार्ड सासू झालं.

तिघांत चांगलं कोणतं, हे कसं ठरवायचं? साधा माणूस गाणं ऐकून ठरवेल. खटपट्या साधा नव्हता. त्याची रीत अशी, की गाण्याआधी अर्धा मिनिट खोलीतली नुसती शांतता रेकॉर्ड करायची. शांततेत कार्ड स्वतःची किती खरखर मिसळतं ते मोजलं, की त्याची लायकी कळते. आणि त्या अर्ध्या मिनिटात बायकोनं माइकसमोर स्टुलावर हूं की चूं न करता बसायचं, कारण माणूस असलेली खोली आणि रिकामी खोली यांची शांतता सारखी नसते असं त्याचं म्हणणं. तो हात वर धरून उभा राही, डोळा घड्याळावर. तीस सेकंद झाले की हात खाली. मग तिनं गायचं. चार ओळी, दर वेळी त्याच, तिनं स्वतः बांधलेल्या. लेक सासरी गेल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी तिला ती चाल सुचली होती.

दोन वर्षांत अशा अठरा चाचण्या झाल्या. कधी डासावर, कधी आडमुठ्यावर, जास्त करून सासूवर. पण तेव्हाच्या डिस्का म्हणजे चिमणीचं पोट. मिनिटभराचं रेकॉर्डिंग सांडलं की जागा संपली. म्हणून खटपट्या दर वेळी फाइल बरोब्बर तिसाव्या सेकंदाला कापायचा. सुरुवातीचा तुकडा, म्हणजे शांतता, मोजमापासाठी ठेवायचा. नंतरचा तुकडा, म्हणजे गाणं, पुसून टाकायचा. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. गाणारी बाई घरातच होती, म्हणेल की उद्या परत. तिच्या गाण्याच्या जुन्या कॅसेटी तर त्यानं कधीच पुसून वाटून टाकल्या होत्या, कॅसेट घरघरते म्हणून.

मग ती आजारी पडली आणि आठवड्यात गेली.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. बुधवारी सकाळी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग ती जरा थांबून म्हणाली, "बाबा, एक विचारू? मला आईचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, पण आवाज येत नाही हो. खूप आठवून बघते. परवा तर रडूच आलं. तुम्ही इतकं रेकॉर्ड करायचात ना, आहे ना तिचं गाणं तुमच्याकडे?"

"आहे की," खटपट्या म्हणाला. "भरपूर आहे."

"मग रविवारी येते दुपारी."

त्यानं फोन ठेवला. का म्हणाला तो असं? पोरीचा आवाज कापत होता म्हणून, दुसरं काय. आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं, की तुझ्या आईचं गाणं पुसलं आणि ती गप्प बसलेली ठेवली? त्यानं ती चाल स्वतःशी गुणगुणून बघितली. ओठ हलले, पण सूर काही निघेना. आडमुठ्याची खरखर वरच्या पट्टीत होती आणि डासाची खालच्या, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. चाल आठवत नव्हती. अठरा वेळा ती समोर बसून गायली, आणि हा अठरा वेळा खरखर मोजणाऱ्या सुईकडे बघत होता.

त्यानं कंप्युटर सुरू केला. पुसलेल्या फाइली परत आणायची एक फ्लॉपी होती, ती चालवली. नावं दिसली, पहिलं अक्षर गळालेली, थडग्यावरची पुसट झालेली असावीत तशी. पण त्या जागेवर पुढच्या शांतता लिहिल्या गेल्या होत्या. एकही उघडली नाही. राहता राहिल्या त्या अठरा.

गुरुवारी सकाळी चहा घेऊन तो बसला. डोक्यात एकच विचार. गाण्याआधी माणूस श्वास घेतो. तिसाव्या सेकंदाला निदान तो तरी असेल. शेवटची, अठरावी, सासूवर घेतलेली फाइल त्यानं लावली, हेडफोन कानांवर दाबले आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. बारीकशी सरसर. लांब कुठेतरी नळ. आणि अगदी शेवटी श्वास. तिचाच. नाकातून, थोडा अडखळत घेतलेला. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

मग सवयीनं त्याची नजर आकड्याकडे गेली. एकतीस सेकंद.

त्यानं परत बघितलं. एकतीसच. आयुष्यात त्यानं अशी सैल कात्री कधी चालवली नव्हती. बाकीच्या सतरा फाइली तपासल्या; सगळ्या तीसच्या तीस. वहीत अठराव्या चाचणीपुढे त्याच्याच अक्षरात तीस लिहिलं होतं. असेल चूक, म्हातारा झालो, असं म्हणून त्यानं विषय संपवला.

शुक्रवारी ती फाइल छत्तीस सेकंदांची झाली होती.

आता मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फाइलीवरची तारीख जुनीच होती. कुणी बदलली नव्हती. श्वास आता शेवटी राहिला नव्हता, मध्ये आला होता. त्याच्यानंतर स्टूल किंचित करकरलं, आणि मग आवंढा गिळल्याचा आवाज. आवंढा त्याला आठवत नव्हता. तिनं श्वास घेतला की लगेच गाणं सुरू व्हायचं, मध्ये स्टूल करकरायला वेळच नसायचा. हे त्या दिवशी घडलेलंच नव्हतं.

शनिवारी अठ्ठेचाळीस. त्या वाढलेल्या बारा सेकंदांत ती चुळबुळत होती. पायावर पाय टाकला असावा. मग घसा खाकरला, लोकांत बसल्यावर खाकरतात तसा, दबका. आणि मग "हं," असं एकदाच, ओठ मिटून. तो हुंकार त्याच्या चांगला ओळखीचा होता. जेवण वाढून ठेवलंय आणि नवरा स्क्रू पिळतोय, अशा वेळचा तो.

ती थांबली होती. हात कधी खाली होतोय याची वाट बघत होती.

खटपट्या घाबरला हे खरंच, पण जन्माची खोड जाते कुठे? त्याला वाटलं, कार्डच बिघडलं असेल, कुठून तरी काहीतरी पकडत असेल. तपासायला हवं. भर दुपारची वेळ, खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलेलं. त्यानं स्टूल पूर्वीच्या जागी ठेवलं, समोर माइक लावला, सासूला ऐकायला लावलं आणि हात वर करून उभा राहिला. स्टुलावरची नजर त्यानं काढली नाही. स्टूल हललं नाही. खोलीत चिटपाखरू नव्हतं, शेजारचं घरही बंद होतं. तीस सेकंद झाले. त्यानं हात खाली केला, अजून मिनिटभर वाट पाहिली आणि रेकॉर्डिंग थांबवलं.

मग ते लावून ऐकलं. सरसर. नळ. पंचविसाव्या सेकंदाला स्टूल करकरलं. तिसाव्याला, बरोब्बर हात खाली झाला त्या क्षणी, श्वास. भरपूर, छातीभर. आणि पुढे काही नाही. मिनिटभर नुसता धरून ठेवलेला श्वास. न सोडलेला श्वास ऐकू येतो का, असं कुणी विचारेल. बत्तीस वर्षं लायनीवर कान लावून बसलेल्याला येतो. पलीकडे कुणीतरी आहे आणि बोलत नाहीये, हे त्याला रोजचंच होतं.

तो खोलीबाहेर आला, दार ओढून घेतलं आणि रात्रभर बाहेरच्या खुर्चीत बसून राहिला. रविवारी लेकीला खरं सांगायचं, एवढं मात्र त्यानं ठरवलं. काय व्हायचं ते होईल.

लेक दुपारी आली ती चपला काढतानाच म्हणाली, "कुठाय? लावा ना."

"अगं, आधी पाणी तरी पी."

"पाणी नंतर."

तो बोलायला तोंड उघडणार, तोवर ती स्टुलावर जाऊन बसलीसुद्धा. नेमकी त्याच स्टुलावर. तिनं स्वतःच हेडफोन चढवले, डोळे मिटले. आता तिला हाक मारून कसं सांगायचं? त्यानं भित्र्या माणसाचा मार्ग धरला आणि अठरावी फाइल लावली. त्यात तिला गाणं काही सापडणार नाही, ती डोळे उघडेल, मग आपण सांगू.

पडद्यावरची रेघ सरकत अठ्ठेचाळीस सेकंदांपर्यंत गेली आणि थांबली. फाइल संपली.

लेकीनं डोळे उघडले नाहीत. मिनिट झालं, दोन झाली. मशीन काही वाजवत नव्हतं, हे खटपट्याला समोर दिसत होतं. तिच्या बंद पापण्यांखालून पाणी आलं, मग ती हसली, आणि मग बारीक आवाजात गुणगुणायला लागली. गोड, जराशी उतरत जाणारी चाल होती. चार ओळी झाल्यावर ती पुन्हा पहिलीवर आली. खटपट्या कान देऊन ऐकत होता. हीच का ती? त्याला सांगता येईना. हो म्हणावं तर आठवत नव्हती, नाही म्हणावं तरी आठवत नव्हती. लेकीनं ती याआधी कधी ऐकली नव्हती, एवढं मात्र नक्की.

चार मिनिटांनी तिनं हेडफोन काढले आणि पदरानं डोळे पुसले. "काय गोड आवाज होता हो तिचा. मी विसरलेच कशी?"

"अगं, ऐक जरा," खटपट्या म्हणाला. "ते गाणं नाहीये. मी पुसलं ते. सगळी पुसली. जागा नव्हती म्हणून. तुला थाप मारली मी."

लेक हसायला लागली. "काहीतरीच काय बाबा! आत्ता ऐकलं ना मी. आणि शेवटी तुम्हाला टोमणा मारलाय, तोही तसाच राहिलाय की त्यात."

"कसला टोमणा?"

"तुम्ही ऐकलं नाहीत?" तिनं आईचा आवाज काढला, आणि तो असा हुबेहूब निघाला की खटपट्यानं टेबलाची कड धरली. "'पोरी, तुझं झालं की त्यांना दे. पण त्यांना काही मिळायचं नाही बघ. ते मला ऐकत नाहीत, कार्ड ऐकतात.'"

बोलून झाल्यावर तिच्याच लक्षात आलं काहीतरी. तिचं हसू जागच्या जागी राहिलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "हे कधीचं रेकॉर्डिंग आहे? मी इथे येऊन बसणार, हे तिला..."

त्यानं तिच्या हातातून हेडफोन घेतले, कानांवर घट्ट दाबले आणि फाइल पहिल्यापासून लावली. आकड्याकडे बघायचं नाही, सुईकडे बघायचं नाही, असं ठरवून त्यानं डोळे गच्च मिटले. जन्मात प्रथमच तो नुसता बायकोला ऐकायला बसला होता.

ना स्टूल करकरलं, ना श्वास आला. सवयीनं मनात मोजले गेलेले तीस सेकंद भरले आणि फाइल संपली. खरखर जवळजवळ नव्हतीच, सासू खरंच उत्तम कार्ड होतं, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहिला नाही, आणि त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की डोळे उघडवेनात.

लेकीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "द्या ना बाबा," ती म्हणत होती, "मला परत ऐकायचंय."