टेपरेकॉर्डरमधलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं एक बटण तुटलंय, पण आवाज अजून खणखणीत आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

शिरूर कासारच्या दूध सोसायटीनं मला हौसेनं घेतलं. सकाळी दूध घालायला येणाऱ्यांना मी भजनं ऐकवायचो. मग दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, सोसायटीला कुलूप लागलं आणि चेअरमन सुंदररावांनी मला अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात देऊन टाकलं.

तिथे कॅन्सरच्या बायकांच्या वॉर्डात मालनबाई सिस्टर होत्या. सलाईन लावताना बायका भीतीनं ताठ व्हायच्या. त्यांचं अंग सैल पडावं म्हणून सिस्टरांनी शहरातून एक कॅसेट मागवली. मी मोठ्या ऐटीत सुरू झालो, ‘डोळे मिटा. झरा खळखळ वाहतो आहे...’

झालं! पहिल्या खाटेवरच्या, माझ्याच शिरूरच्या चतुराबाई ताडकन उठून बसल्या.

“अगं, पानी आलं! माझा हंडा कुठं हाय?”

शेजारच्या दोघीही खाटेखाली भांडी शोधू लागल्या. टँकरमागे धावणाऱ्या बायकांना मी पाणी ऐकवत होतो! माझी मलाच लाज वाटली.

चतुराबाईंचे तीन डोस राहिले होते. पण हात असा आवळलेला, की शीर सापडेना. त्या रडू लागल्या.

“सिस्टर, मी घरी जाते. आता न्हाई सोसत.”

सिस्टरांनी मला बंद केलं आणि त्या खाटेवर टेकल्या.

“मावशी, तुमच्या जिवाला कधी बरं वाटतं?”

चतुराबाईंनी डोळे पुसले. “पानी आणून डोक्यावरला हंडा उतरवला, की लई हलकं वाटतं बघा. मान मोकळी व्हती. मग उंबऱ्यात टेकायचं अन् सावकाश दम घ्यायचा.”

सिस्टरांनी तेच त्यांना पुन्हा हळूहळू बोलायला लावलं. मी ते कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलं आणि लगेच त्यांना ऐकवलं. त्यांचे खांदे खाली आले, मूठ उघडली, शीर सापडली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पुढे तिन्ही डोस पुरे झाले. आजारावर औषधानं काम केलं, मी फक्त भीतीशी दोन हात केले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवर धूळ बसू देऊ नका. आणि घाबरलेल्या माणसाला धीर देण्याआधी त्याला विसावा कुठे मिळतो, ते विचारा.

परवा चतुराबाई तपासणीला आल्या होत्या. सगळं ठीक आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, तशा त्या वॉर्डात डोकावल्या. नव्यानं आलेल्या पारूबाई डोळे मिटून माझ्यावरची तीच हंड्याची कॅसेट ऐकत होत्या.

“कोन बाई हाय गं ही? लई मायेनं बोलती.”

चतुराबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

“हाय एक शिरूरची,” त्या म्हणाल्या. “बरी झाली ती.”