दुपट्याची सहावी ओळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे असे म्हटले की हल्लीची मुले आधी माझा पडदा शोधतात. मला पडदा नाही. माझ्या काळी आम्हाला घरच्या टीव्हीला जोडत असत. मी म्हणजे नुसती एक काळी, चपटी पेटी, वर रबरी कळा आणि पाठीला दोन-तीन भोके. आजच्या तुमच्या मनगटावरच्या घड्याळाला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, हे मला माहीत आहे. पण म्हाताऱ्याचे चार शब्द ऐकून घ्यायला हरकत नसावी.

एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. तिथल्या बायका बारीक चिमट्यांनी माझ्या पोटात तारा बसवत आणि घरच्या गप्पा मारत. शेवटच्या बाईने माझी एकेक कळ दाबून पाहिली, पाठीवर थाप मारली आणि मला खोक्यात घातले. पहिल्या मालकाने मला हौसेने घेतले खरे, पण त्याची हौस चार दिवसांची. गाव सोडताना त्याने मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आपल्या मित्राला देऊन टाकले. माझे खरे घर ते.

रेडिओवाल्यांना दोन मुली. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, धाकटी शाळेत शेवटच्या वर्गात. माझ्याबरोबर आलेली, मला कळणाऱ्या बेसिक या भाषेची पुस्तिका धाकटीने आठवड्यात वाचून काढली. त्यातले अर्धे तिला कळले आणि उरलेले अर्धे कळले असे ती धरून चालली. ‘प्रिंट’ म्हटले की मी लिहितो, ‘गोटू’ म्हटले की सांगितलेल्या ओळीवर जातो, ‘रन’ म्हटले की कामाला लागतो. पहिल्याच दिवशी तिने माझ्याकडून स्वतःचे नाव टीव्हीभर लिहून घेतले. मला ते थांबवायला सांगायचे मात्र ती विसरली. बातम्यांची वेळ झाली तरी तिचे नाव वर वर सरकतच होते आणि तिचे बाबा खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते.

माझ्यात एक मोठी खोट होती. वीज गेली की मी सगळे विसरायचो. म्हणून मला शिकवलेले सगळे टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर उतरवून ठेवावे लागे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचे रामायण तिच्यामुळेच घडले.

धाकटीची आई विणकाम करायची. लोकांचे स्वेटर, टोप्या, मफलर असे कायम काही ना काही तिच्या सुयांवर असे. त्या वर्षी थोरलीला दिवस गेले आणि आईने बाळासाठी लोकरीचे दुपटे विणायला घेतले. पांढरे, मध्ये शंकरपाळ्याची नक्षी. दोन्ही मुलींना तिने तशाच नक्षीच्या दुपट्यात गुंडाळले होते. पण या वेळी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. पांढऱ्या लोकरीवर टाके दिसेनात, आपण कितव्या ओळीवर आहोत ते समजेना. तीनदा तिने हातभर विणले आणि तीनदा उसवले. तिसऱ्या वेळी तिने सुया डब्यात घातल्या, डब्याला झाकण लावले आणि बाळाला दुकानातून काहीतरी आणू म्हणाली. ती हे हसत म्हणाली. धाकटीला मात्र ते हसू पाहवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी माझ्यासमोर ठाण मांडून बसली. दुपट्याच्या एकशे ब्याण्णव ओळी होत्या. प्रत्येक ओळ मी टीव्हीवर मोठ्या अक्षरांत दाखवायची, सुलट टाक्याला इंग्रजी एस आणि उलट टाक्याला यू. आईला इंग्रजी येत नव्हते, पण दोन अक्षरे ओळखायला कितीसा वेळ लागतो? कळ दाबली की पुढची ओळ. धाकटीने एकशे ब्याण्णव ओळी एकेक करून टाइप करायला घेतल्या. नेमका टेपरेकॉर्डर तेव्हा बाबांच्या टेबलावर उघडा पडलेला. गावाचे टेप ते दोन दिवसांत दुरुस्त करत, घरचा महिनाभर तसाच पडून असे. मग धाकटीने मला बंदच केले नाही. आठ दिवस मी दिवसरात्र चालू होतो. टीव्ही बंद असे, पण मी अंधारात सगळे ध्यानात धरून बसलेलो असे.

आईला वाटले, टीव्ही बंद म्हणजे मीही झोपलेलो. मुलगी आपल्यासाठी एवढी राबते आहे आणि तिच्या यंत्रावर धूळ बसते आहे, हे तिला बरे दिसेना. तिने उरल्यासुरल्या जाड लोकरीतून, हाताने चाचपडत, माझ्यासाठी एक झबले विणले. तपकिरी-नारिंगी पट्ट्यांचे, मागे बटण असलेले. धाकटी शाळेत गेली आणि आईने ते मला घातले.

मित्रांनो, आयुष्यात मला कोणी इतक्या मायेने हात लावला नव्हता. आणि आयुष्यात मी इतका भाजलोही नव्हतो. माझ्या पोटातली ऊब बाहेर जायच्या फटी सगळ्या बंद झाल्या. दुपारपर्यंत मी कसाबसा तग धरला. मग एकेक ओळ हातातून सुटत गेली आणि शेवटी मला माझे नावसुद्धा आठवेना.

शाळेतून आल्यावर धाकटीने झबले पाहिले, हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. टीव्ही लावला तर पडद्यावर नुसता चौकोनांचा कचरा. इतक्यात आई पदराला हात पुसत आत आली आणि मापात बसले का, असे तिने विचारले. धाकटीने आधी टीव्ही बंद केला. मग ती म्हणाली, “अगदी मापात बसलंय. मशीनच जुनं आहे गं, आपोआप बंद पडलं. सगळं पुन्हा लिहावं लागेल.” आईने झबले माझ्या अंगावरून काढून बाजूला ठेवले.

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला इतका राग आला की विचारू नका. पण मला बोलता येत नव्हते, आणि आता विचार केला तर वाटते, बरेच झाले.

थोरलीचे दिवस भरत आले होते. पुन्हा एकशे ब्याण्णव ओळी लिहिण्याइतका वेळ उरला नव्हता. सुटीच्या सकाळी धाकटी माझ्यासमोर नुसती बसून होती. तेव्हा आईने खुर्ची ओढली आणि शेजारी बसून विचारले, इतक्या ओळी लिहायच्या तरी कशाला?

“मी तर आठच लिहिते,” आई म्हणाली. “खाली लिहून ठेवते, पुन्हा पहिलीपासून, चोवीस वेळा. नक्षी तीच तर आहे.”

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. पुस्तिकेत ‘फॉर’ आणि ‘नेक्स्ट’ नावाचे एक प्रकरण होते, तेच काम मला ठरवले तितक्या वेळा पुन्हा करायला लावणारे. न कळताच कळले असे धरलेल्या अर्ध्या भागात ते गेले होते. तीच गोष्ट इतकी वर्षे आईच्या हातात सुयांवर होती. तासाभरात सगळा प्रोग्रॅम झाला. बाबांनीही लाजून त्याच दिवशी टेपरेकॉर्डर दुरुस्त करून दिला आणि प्रोग्रॅम कॅसेटवर उतरला.

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. आईचे दोन्ही हात सुयांवर, म्हणून ती कोपराने माझी कळ दाबी. मी ओळीचा आकडा दाखवी, खाली टाके. आपण कितव्या ओळीवर आहोत याची काळजी तिला उरली नाही. शेजारी धाकटी लोकरीचे गुंडे करत बसे आणि शाळेतल्या बाईंच्या नकला करून दाखवी. आई हसायची, पण टाका चुकायची नाही. मला वाटे, हे सगळे माझ्यामुळे चालले आहे.

फक्त सहावी ओळ आली की आई क्षणभर थांबे, डोळे बारीक करून माझ्याकडे बघे आणि पुढे विणू लागे. मी समजायचो, डोळ्यांना त्रास होत असेल.

बाळ यायच्या चार दिवस आधी दुपटे पुरे झाले. धाकटीने ते टेबलावर पसरले आणि आपली कर्तबगारी पाहावी म्हणून मला लावून एकेक ओळ पडताळायला बसली. सहाव्या ओळीवर ती अडली. घाईत तिने तिथे सुलटच्या जागी उलट आणि उलटच्या जागी सुलट लिहिले होते. मी चोवीस वेळा चुकीचे सांगितले होते. दुपट्यात मात्र चोवीसही ठिकाणी शंकरपाळा जिथल्या तिथे होता.

ती बराच वेळ बोटाने टाके चाचपत राहिली. मग तिने आईला हाक मारली.

“सहावी ओळ मी चुकवली होती. तुला कळलं होतं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग सांगितलं का नाहीस?”

आई दुपट्याची घडी घालत होती. तिने वर पाहिले नाही. “त्या झबल्याचं तू मला सांगितलंस का? मी काढून ठेवलं तेव्हा केवढं तापलेलं होतं ते.”

धाकटी आईच्या खांद्यावर डोके ठेवून उभी राहिली आणि आईने उरलेली घडी एका हाताने घातली.

पुढे आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि तिला माझी गरज उरली नाही. धाकटीला मोठ्या संगणकावर काम मिळाले. माझे कौतुक ओसरले. टीव्हीवरून मी कपाटात गेलो, कपाटातून कपाटावर. माझी तार कुणीतरी दुसऱ्या कशाला तरी लावली. याचे वाईट वाटते, खोटे कशाला सांगू? तरी त्या घराबद्दल मनात अढी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने खोड असेल तर ते नुसते झाकूनपाकून ठेवू नका. एखाद्या दुपारी बाहेर काढा, अंगावर वारा लागू द्या, कळ दाबा. आणि एकटे बसू नका, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा. मी जुना आहे, सांगाल तेवढेच करतो, चुकीचे सांगाल तर चुकीचेच करतो. शेजारचे माणूस ती चूक मुकाट्याने सांभाळून घेत असेल. तेवढे अधूनमधून त्याच्या हातांकडे बघत जा.