पिवळं पाणी

“पाणी पिवळं पडनं का मानूस आर्धा बरा व्हस, भिकू,” माय म्हणायची. चाळीस वर्षं झाली, तो आवाज भिकुबाईच्या कानात अजून ओला होता. कावीळ उतरवायला मायनंच शिकवलं. आधी आपल्या तळव्यांना गुपचूप आंब्याच्या झाडाची साल चोळायची, मग रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुवायचे. पाणी पिवळंजर्द. बोदवडच्या आसपासची गावं भिकुअक्काला हात जोडत.

अठ्ठ्याऐंशीच्या भादव्यात तिची सून पुष्पाच पिवळी पडली. बरगडीखाली कळ, हुडहुडी भरून ताप. भिकुबाईनं पाच दिवस पुष्पाचे हात धुतले. सहाव्या दिवशी पुष्पा बरळायला लागली, तेव्हा मुलानं, हिलालनं, बायकोला जीपमध्ये घालून जळगावला आणलं.

“पित्ताच्या नळीत खडे अडकलेत, मागे पू साचलाय,” डॉक्टर म्हणाले. “पाच दिवस घरी कशाला ठेवली?”

“मनी माय उतरवस ना, साहेब. रोज पाणी पिवळं निघे.”

“पाण्यानं खडे निघते तर मी इथं सुरी घेऊन बसलो असतो का?”

भिकुबाईनं पदर तोंडावर ओढला.

सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. काविळीत रक्त लवकर थांबत नाही, त्याचंही एक. “पित्ताची पिशवी नंतर काढू,” डॉक्टर म्हणाले. “आज तिला तेवढं सोसणार नाही. आज नुसती वाट मोकळी करतो.”

दुपार कलल्यावर ते वाटी घेऊन बाहेर आले. वाटीत तुरीएवढे तीन खडे.

“एवढासा खडा, आन् बाई आडवी!” भिकुबाई पुटपुटली.

पुष्पाच्या पोटातून रबरी नळी निघून खाटेखालच्या बाटलीत उतरली होती. आधी गढूळ पित्त आलं. तिसऱ्या दिवशी जुन्या मधासारखं निवळ, थेंबामागून थेंब. भिकुबाई खाली फरशीवर बसून बघतच राहिली. चुना नाही, मंतर नाही. देहात असा झरा असतो, आणि माणसाचा हात तिथवर जाऊन त्याची वाट मोकळी करून येतो! तिला खाली बसल्या बसल्या हात जोडावेसे वाटले, पण कुणाला ते कळेना.

पाचव्या दिवशी पुष्पाच्या डोळ्यांत पांढरं दिसलं, बोंडातून कापूस डोकावावा तसं. तिनं दोन्ही हात पुढे केले.

“अक्का, हात धोई द्या ना. तुमना पाणीनीच माले वाचाडं.”

भिकुबाईनं ते हात ओंजळीत धरले.

“पोरी, ते पिवळं तुनं नव्हतं. मी मना हातले आंबानी साल चोळेल व्हती. चुना लागना का ती रंग सोडस. तुनी कावीळ आंगमाच व्हती... आन् ते माले म्हाईत व्हतं.”